दार लागण्याचा आवाज

मंत्री आले तेव्हा पिंपात फळ्या जळत होत्या
आणि रेन्झो कुणाशी बोलत नव्हता.
मंत्र्यांना कुणीतरी नारिंगी जॅकेट दिलं होतं,
पाठीवर घड्या तशाच,
खोक्यातून आत्ताच काढलेल्या शर्टासारख्या.
म्हणाले, धक्का बसला.
म्हणाले, मलाही सकाळी रेडिओवरच कळलं.
आम्हालाही रेडिओवरच कळलं होतं,
फक्त तेव्हा आम्ही लाइनवर होतो
आणि हातात दार होतं. मागचं, डावं.

पिंपाशी हात शेकून ते गाडीत बसले.
दार लागलं.
रेन्झोने मान वर केली.
"आपलंच आहे," तो म्हणाला, "रात्रपाळीचं.
बिजागरी केसभर खाली."
एकतीस वर्षांत माणूस एवढं शिकतो.
दाराचं रबर मी बसवायचे, मलाही ऐकू आलं,
पण मी बोलले नाही,
रबर माझं असण्याची शक्यता होती.

दुसऱ्या दिवशी विरोधक.
आम्ही तेव्हाच बजावलं होतं, म्हणाले.
तेव्हा म्हणजे कधी? साब्रीने साधंच विचारलं.
त्यांनी घड्याळात पाहिलं.

युनियनच्या वॉर्डचा भोंगा मध्येच दम तोडायचा,
त्यामुळे आम्हाला ऐकू आलं ते असं:
एकाही माणसाला... शेवटपर्यंत... दर वर्षामागे अमुक इतके...
रक्कम तेवढी स्पष्ट आली.
तेव्हाच कळलं की लढाई संपली.

महापौर लिस्बेट मात्र खरंच रडली.
तिचा बाप खाणीत होता, रेन्झोचाही.
खाण बुजवली तेव्हा गावाच्या ओटीत ही फॅक्टरी घातली होती,
आणि कोळशाच्या राखेचा डोंगर तसाच सोडला,
त्यावर आता बर्च उगवलेत, रविवारी लोक कुत्री घेऊन चढतात.
आता फॅक्टरीच्या बदल्यात काय?
कृती दल.
सात सदस्य, अकरा बैठका, एक अहवाल.
मुखपृष्ठावर आमचंच गेट,
फोटो अशा बाजूने की पिंप दिसू नये.

अहवालात साब्रीसाठी एक वर्ग निघाला.
चोपन्नाव्या वर्षी त्याने स्वतःची माहिती एका पानात बसवायला घेतली.
छंद या रकान्यापाशी तो तीन दिवस थांबला.
शेवटी लिहिलं: टोमॅटो.
मास्तरीणबाई म्हणाल्या, हे बागकाम म्हणून लिहा.
तो म्हणाला, बाग नाही, गॅलरी आहे.

आणि एका रात्री तो आला, तरुण, स्वच्छ दाढी केलेला,
व्हॅनभर गरम बटाट्याचे काप घेऊन.
सगळ्यांना वाटले, साब्रीलाही, हसून,
मीठ हवंय का विचारून.
मग रेन्झोच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला,
बाहेरून आलेले कमी असते तर पुरलं असतं सगळ्यांना.
रेन्झोने काप संपवले, कागदाचा बोळा केला.
"माझा बाप सिसिलीहून आला," तो म्हणाला,
"स्टेशनवर त्याच्या गळ्यात नंबराची पट्टी होती."
तो पोरगा म्हणाला, तुमची गोष्ट वेगळी.
काप चांगले होते, हेही सांगायला हवं.
आमच्यातले किती जण त्याचे झाले
ते मला माहीत आहे. नावं घेणार नाही.
एक माझ्या घरातच जेवतो.

मतदान इथे सक्तीचं असतं.
शाळेच्या व्यायामशाळेत, दोरीला बांधलेली लाल पेन्सिल.
मतदानाच्या खोपटाला दार नसतं, पडदा असतो,
तो सारला की आवाजच होत नाही.
मी आत बराच वेळ उभी राहिले,
बाहेर कुणीतरी खाकरलं.

निघताना रेन्झो वाहनतळाच्या कठड्यावर बसलेला दिसला,
टोपी गुडघ्यावर, डोळे मिटलेले.
लोक मत देऊन परत जात होते,
गाड्यांची दारं एकामागून एक लागत होती.
आपलं, तो म्हणत होता.
आपलं.
हे नाही.
आपलं.
मी शेजारी बसले.
थंडी होती, आणि त्याचं एकही चुकत नव्हतं.